तिसऱ्या रांगेचा फोटो

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पॅलिसेडच्या पीचबागा अशा काही फुलल्या होत्या, की रस्त्याने जाणारी माणसं गाड्या थांबवून उतरत होती. डेला नऊ महिन्यांच्या लेकीला, जूनला, पाठीशी बांधून तिसऱ्या रांगेच्या तोंडाशी उभी होती. समोर गुलाबी झाडं, मागे मेसा डोंगराचा सपाट माथा, त्यावर अजून बर्फ. जूनने तिच्या केसांची बट मुठीत धरली होती, त्यामुळे मान थोडी वाकडी करूनच कॅमेरा डोळ्याला लावावा लागला.

पूर्ण बहराच्या दिवशी याच जागेवरून फोटो काढायचा, त्याची कार्डं छापून गिऱ्हाइकांना धाडायची, ही या घरची रीत. कार्डावर फक्त वर्ष. घेणाऱ्याला कळायचं की ऑगस्टात पीच आहेत, या. लोक त्यावर सुट्ट्या ठरवत. सासूबाईंच्या गुडघ्यांनी संप पुकारल्यामुळे यंदा कॅमेरा डेलाकडे आला होता.

“झाला काढून?” सासरे हार्लन कुंपणाशी येऊन थांबले.

“झालाच. पॉप, बघा तरी काय दिसतंय!”

“दिसतंय खरं.” त्यांनी हाताशी आलेलं फूल खुडलं, अंगठ्याच्या नखाने उभं चिरलं आणि तिच्यापुढे धरलं. पाकळ्यांच्या बुडाशी, जिथे होऊ घातलेल्या फळाचा हिरवा कण असायला हवा, तिथे मोहरीएवढा काळा ठिपका होता.

चार दिवसांपूर्वी पहाटे पारा घसरला होता. वरची ऊबदार हवा खाली ढकलणारे बागेतले उंच पंखे फिरत होते, तरी गारठा कळ्यांच्या पोटात शिरलाच. कळ्या मात्र वेळेवर उमलल्या.

“सगळीच अशी?”

“मोज की. वरची घे, खालची घे. शंभर चीर.”

तिने शंभर चिरली. जूनने चारपाच पाकळ्या तोंडात घातल्या, तिने बोट घालून काढल्या. फुलांवर मधमाश्या घोंगावत होत्या, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. दुपारपर्यंत डेलाचं नख तपकिरी झालं. हिरवी निघाली तीन.

“शंभरात बारापंधरा राहिली तरी भागतं,” जेवताना हार्लन म्हणाले. “एरवी जास्तीची आपणच तोडून टाकतो. तीनमध्ये घरचा जॅम होईल. तोही पातळ.”

“कार्ड जाऊ दे,” तिचा नवरा वेस म्हणाला. “फुलं आहेत, फुलांचा फोटो आहे. त्यात खोटं काय?”

“आणि ऑगस्टात लोक दारात आले की काय देशील? पाकळ्या?”

“मध देईन, ज्यूस देईन. पण आले तर पाहिजेत ना! एक वर्ष चुकलं की पलीकडच्या खोऱ्यातली बाग धरतात. मग परत येत नाहीत, पप्पा.”

“मग काहीच पाठवू नका. विचारायचं ते फोन करतील.”

“तीनशे घरं फोन करणार? तुम्हीच उचला मग. रिंग वाजली की तुम्ही ट्रॅक्टरखाली सापडता.”

डेला जूनला भाताचे घास भरवत होती. ती म्हणाली, “कार्ड जाईल.”

“बघा!” वेस म्हणाला.

“पण हा फोटो नाही.”

उन्हं कलली तेव्हा तिने हार्लनना तिसऱ्या रांगेत नेलं. चिरलेलं फूल त्यांच्या तळहातावर ठेवायला सांगितलं आणि जवळून, ठिपका स्पष्ट दिसेल असा फोटो काढला. मागची झाडं नुसती गुलाबी धूसर आली.

“माझा हा भेगाळलेला अंगठा फ्रीजवर कोण लावणार?”

“हलू नका.”

वेसने संगणकावर फोटो पाहिला. “लोकांना वाटेल आपल्याकडे कुणी गेलं,” एवढंच बोलून तो बाहेर निघून गेला. दोन दिवस त्याने कॉफीही उभ्यानेच प्यायली. जूनशी तेवढा बोलायचा, तेही डेला खोलीत नसताना.

कार्डं छापून आली. तिसऱ्या दिवशी सकाळी जूनला झोपवून डेला टेबलाशी पत्ते लिहायला बसली. वेस पोस्टाची तिकिटं घेऊन आला, समोरची खुर्ची ओढून बसला. कार्डांच्या ढिगातलं वरचं त्याने उचललं, उलटंसुलटं केलं.

“कॅन्ससच्या त्या मिसेस ट्रेडवेचं आधी लिही,” तो म्हणाला. “ती मे महिन्यातच ऑगस्टसाठी मोटेलची खोली सांगून ठेवते.”