चार तासांचा बॅकअप

इन्व्हर्टर बसवणं हा माझा धंदा. माझा बॅकअप अर्ध्यात दगा देत नाही, हे मी छाती ठोकून सांगतो. सांगत होतो म्हणा.

बाबांना डॉक्टरांनी ऑक्सिजनचं मशीन लावलं, तेव्हा घरी नवीकोरी बॅटरी बसवली. लाईट गेली तरी मशीन चार तास चालणार म्हणजे चालणार. तोवर सगळं ठीक होतं. मग बिल आलं. दुपटीहून जास्त! माझं डोकंच फिरलं. "हे मशीन आपल्याला विकून खाणार!" असं मी स्वयंपाकघरात ओरडलो. राग बिलावर होता, पण पलीकडच्या खोलीत बाबा जागे होते. बायको म्हणाली, "हळू बोला ना." मी कसला हळू बोलतोय!

बाबांनी तीस वर्षं घरोघरी मीटर रीडिंग घेतलं. मीटर हलला की पैसे, थांबला की नाही, एवढाच त्यांचा हिशोब. दुसऱ्या दिवसापासून, मी कामावर आणि बायको शाळेत शिकवायला गेली की ते इन्व्हर्टरचं भिंतीवरचं बटण बंद करायचे. मशीन बॅटरीवर चालायचं आणि मीटरचा दिवा लुकलुकायचा थांबायचा. ते खुर्चीत बसून तो विझलेला दिवा बघायचे म्हणे. एक वाजता, बायको यायच्या आधी, बटण पुन्हा चालू. नंतर तीच बॅटरी भरायला उलट जास्त वीज लागते, हे त्यांना कोण सांगणार? मी सांगितलं असतं. त्यांनी विचारायला हवं होतं.

हे सगळं मला नंतर शेजारच्या काकूंनी सांगितलं. बाबा फक्त त्यांच्यापाशी बोलले होते.

त्या दिवशी पावणेएकला लाईट गेली. मी एका गिऱ्हाइकाच्या घरी शिडीवर होतो. फोन वाजला.

"लाईट गेलीय रे," बाबा म्हणाले. "तू येतोस का?"

"अहो बाबा, चार तास चालतं ते! मी काय पोरखेळ लावून ठेवलाय का?"

"ते टूं टूं वाजतंय."

"लाईट गेली की वाजतंच. कामात आहे मी. उगाच घाबरू नका."

बटण सकाळपासून बंद आहे, एवढंच सांगायचं होतं त्यांना. सांगितलं असतं तर मी शिडीवरून उडी टाकली असती. पण त्याआधी ओरडलो असतो, हेही खरं.

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

गिऱ्हाइकानं चहा दिला. मी तो आरामात प्यायलो.

दोनला बायकोचा फोन आला. मी पोहोचलो तेव्हा काकू दारात रडत होत्या आणि बाबांच्या नाकातली नळी तशीच होती. मशीन बंद. भिंतीवरचं बटण बंद.

संध्याकाळी ताई आली. रडून झाल्यावर तिनं मला धरलं.

"लोकांच्या घरी नवी बॅटरी, आणि बापाला भंगारातली लावलीस ना? चार पैसे वाचवलेस?"

घर माणसांनी भरलं होतं. काकूंनी तोंड उघडलं, मी त्यांच्याकडे बघून मान हलवली. बायकोला बॅटरी नवी असल्याचं माहीत होतं. ती उठून पाणी आणायला आत गेली.

"हो," मी म्हणालो. "जुनीच होती."

"मेल्या, काळीज आहे का तुला?" ताईनं माझ्या थोबाडीत मारली. मामा तोंड फिरवून बाहेर गेले. मारू दे, म्हटलं. कंजूष म्हणा, कसाई म्हणा, सगळं ऐकून घेईन. मरताना बाबा मला घाबरत होते, हे मात्र माझ्या तोंडून निघालं नसतं.