ताईचे हात दिसेनासे झाले तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना स्मार्टफोन आहे. सध्या माझा मुक्काम कपाटाच्या एका खणात आहे. शेजारी शाई वाळलेली पेनं आणि दांडी मोडलेले चष्मे आहेत. बॅटरी फुगल्यामुळे माझी पाठ जराशी उचलली गेली आहे आणि चार्जरला लावले तरी मी फार वेळ जागा राहत नाही. तेवढ्या वेळात माझी हकिगत सांगून घेतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत झाकलेल्या मुलींनी मला जोडले. तिथे इतकी स्वच्छता होती की माझ्यावर फुंकर मारायलाही मनाई होती. माझी पुढची बाजू काचेची आणि पाठही काचेचीच. पाठीत बघून कुणीही खुशाल भांग पाडावा, इतकी ती चकचकीत होती. मला तिचा भारी तोरा होता.

मग मी एका दुकानात आलो. तिथे एक टेम्पोवाला गिऱ्हाईक म्हणून आला. तो म्हणाला, "बायकोसाठी फोन पाहिजे. चित्र एकदम स्वच्छ दिसलं पाहिजे. आवाज कसाही असला तरी चालेल."

दुकानदाराला वाटले, हा चेष्टा करतो आहे.

"तिला ऐकू येत नाही," टेम्पोवाला म्हणाला. "तिची बहीण लांब राहायला गेलीय. दोघी हातांनी बोलतात."

दुकानदाराने मग नीट विचार करून मला निवडले आणि म्हणाला, "स्क्रीनगार्ड आणि कव्हर आत्ताच बसवून देतो."

"एवढा देखणा फोन. त्याला गोणपाटात कशाला घालता?"

"देखणा आहे म्हणूनच तर घालतो."

त्याने माझ्या तोंडावर आणखी एक काच चिकटवली आणि पाठीवर जाडजूड काळे रबरी कव्हर चढवले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. माझी ती झळझळीत पाठ आता कुणाला दिसणार नव्हती.

मित्रांनो, ज्या घरी मी गेलो तिथे तीन माणसे होती. टेम्पोवाला, त्याची बायको आणि त्यांची शाळेत जाणारी मुलगी. टेम्पोवाल्याच्या बायकोला तिची बहीण करंगळी वर करून हाक मारायची. करंगळी म्हणजे धाकटी. आणि अंगठा म्हणजे ताई. म्हणून मीही त्यांना धाकटी आणि ताईच म्हणतो.

धाकटी जन्मापासून बहिरी. ताईला मात्र चांगले ऐकू यायचे. लहानपणी त्यांचे आईवडील कामावर गेले की दोघी दिवसभर घरात एकट्या असत. खेळता खेळता त्यांनी आपली स्वतःची हातांची भाषा तयार केली. पुढे धाकटी शाळेत गेली आणि सगळे बहिरे लोक बोलतात ती खुणांची भाषा शिकली. लेकीलाही तिने तीच शिकवली. पण ताईशी बोलताना तिचे हात आपोआप घरच्या भाषेत वळायचे. जगात ती भाषा बोलणारी माणसे दोनच होती.

त्या भाषेत गंमतही पुष्कळ होती. टेम्पोवाल्याची खूण होती शिंक. पहिल्यांदा त्यांच्या माहेरी आला तेव्हा बिचारा शिंकत सुटला होता, तेव्हापासून तो शिंकच राहिला. त्याला ती भाषा काही जमली नाही. "माझे हात स्टिअरिंगवरच बरे," असे म्हणून तो मोकळा व्हायचा. धाकटी त्याच्या ओठांवरून शब्द वाचायची आणि त्यांचा संसार त्यावर सुखाने चालला होता.

धाकटी पडदे शिवण्याच्या दुकानात काम करायची. शिलाई मशीनशेजारी, दोऱ्याच्या रिळांच्या डब्याला टेकवून ती मला उभा करायची. जेवणाच्या सुट्टीत ताईचा व्हिडिओ कॉल यायचा. आल्याचे तिला कसे कळणार? मी टेबलावर थरथरायचो आणि ती थरथर तिच्या कोपराला जाणवायची. मग दोघींच्या गप्पा सुरू. भाजी करपली, शेजारीण भांडली, लेकीचा दात पडला, सगळे सगळे हातांनी. इकडे बहीण हसून लोटपोट, तिकडे बहीण हसून लोटपोट, आणि खोलीत आवाज फक्त पंख्याचा. दुकानाची मालकीणबाई डबा खाता खाता त्यांच्याकडे बघत राहायची. ती म्हणायची, "काय बोलतात कळत नाही, पण जेवण गोड लागतं."

त्या वर्षांत मी कितीदा पडलो याची गणतीच नाही. टेबलावरून, जिन्यावरून, एकदा तर चालत्या टेम्पोच्या दारातून. दर वेळी रबरी कव्हर आधी जमिनीला टेकायचे आणि मार खायचे. एकदा तोंडावरची काच तडकली. सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळाले. पण तडा स्क्रीनगार्डलाच गेला होता. तो सोलून काढला, तर मी आत जसाच्या तसा. "दुकानदार खरं बोलला होता," टेम्पोवाला म्हणाला आणि त्याने नवा स्क्रीनगार्ड बसवून आणला. त्या दिवसापासून मी त्या कव्हरवर रुसणे सोडून दिले.

पण जे रोज मार खाते त्याची दखल कोण घेतो? टाचण्या, कात्री आणि खडूची पूड यांच्या सहवासात तो नवा स्क्रीनगार्डही ओरखड्यांनी भरून गेला. कव्हर सैल पडले. धाकटी मला ओढणीच्या टोकाने पुसायची, पण धुके जाईना.

आणि नेमकी त्याच सुमारास ताई आजारी पडली.

पूर्वी ताई खांद्यापासून बोलायची. तिचे हात पडद्यात मावायचे नाहीत. आता ती उशीला टेकून असायची आणि फक्त मनगटापासून बोलायची. तिचे बोलणे बारीक झाले, जसा तुमच्याकडे आजारी माणसाचा आवाज बारीक होतो. त्यात माझ्या तोंडावरचे ते धुके. एके दिवशी ताईने सांगितले, औषध बदलले. धाकटीला दिसले, औषध संपले. एका बोटाचा फरक. ती इतकी घाबरली की ताईच्या मुलाने मध्ये येऊन समजूत घालेपर्यंत तेच पुन्हा पुन्हा विचारत राहिली.

तो कॉल संपल्यावर तिने नखाने स्क्रीनगार्डचा कोपरा उचलला आणि तो सोलून टाकला. ताईशी बोलणे आता लांबत चालले होते, त्यामुळे मी तापायचो आणि मध्येच बंद पडायचो. म्हणून तिने कव्हरही काढले.

संध्याकाळी टेम्पोवाल्याने मला बघितले. "असा उघडा ठेवू नको," तो सावकाश ओठ हलवत म्हणाला. "या खेपेवरून आलो की दोन्ही नवीन बसवून आणतो." तो मनापासून बोलला होता. पण एका खेपेतून दुसरी खेप निघत गेली.

मित्रांनो, खरे सांगतो, ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात उजळ दिवस होते. माझ्यातून ताई इतकी स्वच्छ कधीच दिसली नव्हती. तिच्या हाताच्या पाठीवर सुया टोचल्याचे निळे डाग मला पहिल्यांदाच दिसले. धाकटीलाही ते दिसले. माझ्या काचेवर, बरोबर त्या डागांवर, तिने हलकेच बोट ठेवले.

मग तो दिवस आला. दुपारची वेळ होती. धाकटी एका मोठ्या पडद्याचे कापड उचलून टेबलावर पसरत होती. मी कडेला पडलो होतो. ताईचा कॉल आला आणि मी थरथरू लागलो.

कव्हर असताना ते रबर टेबलाला घट्ट धरून राहायचे. आता माझी चकचकीत, गुळगुळीत पाठ टेबलावर होती. प्रत्येक थरथरीबरोबर मी कडेकडे सरकत गेलो. धाकटीचे दोन्ही हात कापडात होते आणि कोपर टेबलाला लागलेले नव्हते. मी शिलाई मशीनच्या लोखंडी पायावर तोंडावर पडलो.

तिने मला उचलले तेव्हा माझा चेहरा काळा झाला होता. त्यावर एक हिरवी रेघ उभी होती. मी मात्र आतून जिवंत होतो. ताईचा कॉल चालूच होता आणि मी तिच्या तळहातावर थरथरत होतो. तिने काचेवर बोट फिरवले, दाबले, पुन्हा फिरवले. बोटाला काच लागून रक्त आले. मालकीणबाई धावत आली, तिनेही प्रयत्न केला. मी थांबलो. पुन्हा थरथरलो. पुन्हा थांबलो.

ऐकू येणाऱ्या माणसाला फुटक्या फोनवरही "हॅलो" ऐकू येते. धाकटीसाठी काच गेली म्हणजे सगळेच गेले.

दुरुस्तीवाल्याने मला उलटसुलट करून बघितले. "डिस्प्ले गेला," तो म्हणाला. "मागवावा लागेल. परवापर्यंत येईल." ताईच्या मुलाचा नंबर माझ्याच पोटात होता, तो कुणालाच पाठ नव्हता. शेवटी दुरुस्तीवाल्याने माझे सिमकार्ड काढून धाकटीच्या हातात दिले. "दुसऱ्या कुठल्याही फोनमध्ये घाला, कॉल येतील."

मालकीणबाईचा फोन त्या दिवशी तिच्या घरी राहिला होता, म्हणून टेम्पोवाल्याची वाट बघावी लागली. तो दिवस मावळताना घरी आला. त्याच्याकडे बटनांचा साधा फोन होता. त्यात सिम घातल्याबरोबर तो वाजला. पलीकडे ताईचा मुलगा होता.

"काका, दुपारपासून लावतोय. आईला मावशीशी बोलायचं होतं. ती चांगली जागी होती, बसली होती. फोन लागेना म्हणून शेवटी मला म्हणाली, तू सांग. आणि हाताने काहीतरी केलं."

"काय केलं?"

"करंगळी वर केली. मग हात छातीवर ठेवला आणि पुढे नेला. अगदी सावकाश. मी विचारेपर्यंत तिला झोप लागली. याचा अर्थ काय काका?"

टेम्पोवाल्याने फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये धरला आणि बायकोसमोर उभे राहून तशी खूण करून दाखवली. त्याच्या जाड्या, गाडी हाकणाऱ्या हातांनी ती भाषा आयुष्यात पहिल्यांदा बोलायचा प्रयत्न केला. धाकटी डोळे ताणून बघत होती. मग तिने त्याचा हात धरला आणि त्याची बोटे उघडून दाखवली, मिटून दाखवली. बोटे उघडी होती की मिटलेली? त्यांच्या भाषेत छातीवरून पुढे नेलेला उघडा हात म्हणजे "ये, मला भेटायला ये." आणि मिटलेला हात म्हणजे "मी बरी आहे, जिवाला लावून घेऊ नको."

"बोटं उघडी होती की मिटलेली, विचारतेय ती," टेम्पोवाला फोनमध्ये म्हणाला.

पलीकडून तो म्हणाला, "काका, मी आईच्या तोंडाकडे बघत होतो."

नंबर आता हाती आला होता. तसेच उठून ते मालकीणबाईच्या घरी गेले आणि तिच्या फोनवरून व्हिडिओ लावला. ताई झोपली होती. तिचे दोन्ही हात पांघरुणाखाली होते. धाकटी बराच वेळ त्या झोपलेल्या चेहऱ्याकडे बघत राहिली. "उठली की लगेच लावतो, मावशी," भाचा सावकाश ओठ हलवत म्हणाला.

रात्रभर ताई जागी झाली नाही, म्हणून सकाळी उजाडताच ते टेम्पोने निघाले. लेकीला मालकीणबाईकडे ठेवले. धाकटीने मला मांडीवर घेतले होते. माझा काही उपयोग नव्हता, तरी घेतले होते. ऊन चढल्यावर बटनांचा फोन वाजला. टेम्पोवाल्याने गाडी कडेला घेतली, ऐकले आणि फोन समोर ठेवून दिला. तो बायकोकडे वळला. त्याचे ओठ हलले, पण वाचता येईल असा शब्द त्यांतून निघाला नाही.

मग त्याने अंगठा वर केला. तो अंगठा हळूहळू मुठीत मिटला.

धाकटीने त्याची मूठ उघडली आणि अंगठा पुन्हा सरळ केला. त्याने तो पुन्हा मिटला. तिने पुन्हा उघडला. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. शेवटी तिने त्याची मिटलेली मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली आणि तशीच बसून राहिली.

मित्रांनो, पुढे माझा डिस्प्ले बदलला. दुरुस्तीवाल्याने न मागता नवा स्क्रीनगार्ड लावला, कव्हरही चढवले. मी पुन्हा लख्ख दिसू लागलो, पण मला रिळांच्या डब्याला टेकवून कुणी उभे केले नाही. जेवणाच्या सुट्टीत धाकटी खाली मान घालून डबा खायची. घरच्या भाषेतले तिचे हात मुके झाले होते. मालकीणबाईही डबा आत नेऊन खाऊ लागली.

असेच दिवस गेले. मग एका सुट्टीच्या दुपारी लेक शाळेच्या पुस्तकांना कव्हर घालत बसली होती. तिने शाळेच्या खुणांत आईला विचारले, "तुमच्या भाषेत पाऊस कसा म्हणायचा?" धाकटीने बघून न बघितल्यासारखे केले. लेकीने स्वतःच कसातरी हात हलवला. तो इतका चुकीचा होता की धाकटीला राहवेना. तिने लेकीचे बोट धरून सरळ केले. मग पावसानंतर चिखल आला, चिखलानंतर बेडूक. अंधार पडेपर्यंत दोघी बोलत होत्या. लेकीचे उच्चार कच्चे होते, पण त्या भाषेत पुन्हा दोन माणसे झाली होती.

शेवटी लेकीने विचारले, "मावशीने केली होती ती खूण कोणती?"

धाकटीने छातीवरून हात पुढे नेला, आधी उघडा, मग मिटलेला. "नक्की कोणती, मला माहीत नाही," ती म्हणाली. "तू दोन्ही शिकून ठेव."

फोनला कव्हर आणि स्क्रीनगार्ड हवे की नको, यावर लोक दुकानात उभे राहून वाद घालतात. कुणी म्हणते, रूप झाकले जाते. कुणी म्हणते, आजकालच्या काचा मजबूत असतात. मी काच आहे, मला माझी मजबुती माहीत आहे. धाकटीने माझे कवच काढले ते ताईला नीट बघण्यासाठी, आणि ती चुकली असे मला कधीही वाटले नाही. मला फक्त एवढेच वाटते, की जुने काढले त्याच दिवशी कुणीतरी मला घेऊन नाक्यावरच्या दुकानापर्यंत चालत जायला हवे होते.

मुलांनो, तुमच्या घरात आजीचा, काकाचा, नाहीतर शेजारच्या एकट्या आजोबांचा फोन असेल. त्याची काच ओरखड्यांनी गढूळ झाली असेल. त्यांना ते सांगायचा संकोच वाटत असेल. एकदा तो हातात घेऊन बघा, आणि बदलायचे असेल ते आजच बदलून आणून द्या. त्या काचेतून ते कुणाची तरी वाट बघत असतात.