टँकरचं पाणी आणि डोमितिलाचं दूध

मित्रांनो, मी चिली देशातल्या एका डोंगरी शाळेचा जुना टोप आहे. आता माझ्यात कोळसे भरतात. एके काळी मात्र साऱ्या शाळेचं दूध माझ्यातच तापत असे.

मी आलो तेव्हा इथल्या मुलांचे दात काळे, किडके होते. मग सरकारने किंचित फ्लोराइड मिसळलेली दुधाची पूड पाठवायला सुरुवात केली. दूध करायची शाळेची स्वयंपाकीण डोमितिला. तिचे स्वतःचे सगळे दात ऐन तिशीतच पडून गेले होते. हळूहळू मुलं भाकरीचा कडक पापुद्राही कुडकुड चावू लागली आणि गावाने आम्हा दोघांचं कौतुक केलं.

पुढे दुष्काळ पडला. ओढा आटला आणि शहरातून टँकर येऊ लागला. घराघरांत तेच पाणी आणि माझ्यातही तेच.

"मावशी, शहरात पाण्यातच फ्लोराइड घालतात," टँकरवाला रामिरो म्हणाला. "मास्तरांना सांगून बिनफ्लोराइडची साधी पूड मागवा."

"दोन्हीकडून मिळालं तर दात दुप्पट पक्के होतील की!"

"अति तिथे माती, मावशी!"

"तू पाणी ओत आणि नीघ. उद्या माझ्या नातीचे दात किडले, तर तू देणार आहेस का नवे?"

ती नात म्हणजे यास्ना. जेमतेम तीन वर्षांची. हे दूध शाळेतल्या मोठ्या मुलांसाठी होतं. तरी आजी तिला रोज चुलीपाशी बसवायची आणि तिच्या पेल्यात वर आणखी एक चमचा पूड कालवायची. मला भीती वाटायची. पण दुधाचा रंग तोच होता, वासही तोच, आणि पोरगी मिटक्या मारत पीत होती. तिचे कायमचे दात तेव्हा हिरड्यांच्या आत घडत होते. ते कुणालाच दिसत नव्हते.

सातव्या वर्षी ते बाहेर आले. त्यांच्यावर खडूसारखे पांढरे चट्टे होते आणि मधूनमधून तपकिरी डाग.

शाळेत तपासणीला आलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "लहानपणी हिला काय काय देत होता?"

"जे जे चांगलं, ते सगळं," डोमितिला म्हणाली. मग तिने यास्नाच्या दातावर बोट घासून पाहिलं. "बाई, हे पुसून निघेल ना?"

"पुसून नाही निघत. दात आत घडत असतानाच फ्लोराइड जास्त झालंय."

मित्रांनो, औषधाला माप असतं, ते मायेच्या भरात मोडू नका. आज शाळेत नवा टोप आहे, स्वयंपाकीणही नवी आहे. टँकर अजून येतोच. कालच ती नवी स्वयंपाकीण आपल्या तान्ह्या लेकराला मांडीवर घेऊन त्याच्या बाटलीत तीच फ्लोराइडची पूड घालत होती. मला ओरडता येत नाही. तुम्हाला येतं.