काळीच्या वाफ्यातली हरळी

मी हरळी. आज बोलायला बसलेय ती पोटात दुखतंय म्हणून, हे आधीच सांगून टाकते. मनाचा मोठेपणा माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही. मोठेपणा दाखवायला आधी कुणीतरी आपलं कौतुक केलेलं असावं लागतं. माझं कौतुक होतं वर्षातून एकदा, चतुर्थीच्या सकाळी, तेही 'दूर्वा' अशा दुसऱ्याच नावानं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तण.

माझा जन्म कधीचा, मला ठाऊक नाही. आमच्यात जन्म असा नसतोच. एका पेरातून दुसरं पेर, दुसऱ्यातून तिसरं, असं आमचं चालतं. कराडपासून अर्ध्या तासावर कृष्णाकाठी हंबीररावांचं उसाचं रान आहे. त्या रानात माझी पेरं किती पिढ्या सरकत आली, ते त्यांच्या आज्यालाही सांगता आलं नसतं. ऊस त्यांचा, पाणी त्यांचं, खत त्यांचं, आणि मधल्या मधे पोट भरत होते मी.

हंबीरराव फौजेत होते, सुभेदार होऊन घरी आले. तोवर शेत सांभाळलं त्यांच्या बायकोनं, बनुबाईनं. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात ती खुरपं घेऊन सरीत उतरली आणि तिनं पहिल्यांदा उपटलं ते मला. त्याला चाळीस वर्षं झाली. ती उपटते, मी येते. तिच्या उजव्या तळहातावर घट्टा आहे तो माझ्यामुळे. जगात दुसऱ्या कुठल्या बाईशी माझी एवढी जुनी ओळख नाही.

पण तिनं मला कधी नीट पाहिलं का म्हणाल, तर नाही. खुरपं घालायचं, झटका द्यायचा, बांधावरच्या दगडावर वाळायला फेकायचं. माझी त्याला तक्रार नव्हती, कारण लव्हाळा असो की घोळ, सगळ्यांना तीच वागणूक होती.

मग काळी आली.

बनुबाईचा मुलगा धैर्यशील, तोही फौजेत. त्याचं लग्न साताऱ्याच्या दीपमालाशी झालं. ही सून बागकाम शिकलेली. घरापुढं चिकूच्या झाडाखाली एक पट्टा होता, तिथं बनुबाई मेथी करायची. दीपमालानं तो पट्टा बागेसाठी मागितला, हंबीररावांनी तो देऊन टाकला, आणि बनुबाईला कुणी विचारलंच नाही. आठ दिवसांत मेथी गेली आणि तिथं एका ओळीत बारा रोपं बसली. दीपमाला त्याला मोंडो गवत म्हणायची. वीतभर लांब, बारीक, खाली झुकलेली पानं आणि रंग काळाकुट्ट. ऊन पडलं की वांग्याच्या सालीवर येते तशी चकाकी यायची. मी तिचं नाव काळी ठेवलं.

पहिल्याच दिवशी शेजारचे आप्पासो बघायला आले. माझ्यावर दोन्ही पाय रोवून ते बराच वेळ वाफ्याकडे बघत राहिले.

"सुभेदार, काणी पडलीया ह्याला," ते म्हणाले. काणी म्हणजे उसाचा रोग, शेंड्यातून काळा चाबूक काढणारा. "उपटून जाळून टाका. उसात शिरली म्हंजे बसशीला कपाळाला हात लावून."

"काणी न्हाई ती. त्येचा रंगच तसा हाय. सूनबाईनी पुण्यास्नं आणलंय."

"काळं गवत, आन ते बी पुण्यास्नं?" आप्पासोंनी पाय हलवला. "हितं हिरवं हुतं की पायाखाली."

आजवर माझ्या बाजूनं कुणी बोललं असेल तर ते आप्पासो, आणि तेही माझ्यावर उभं राहून.

काळीचे लाड मी रोज बघत होते. दीपमालानं तिच्यासाठी माती चाळून घेतली, त्यात वाळू आणि शेणखत मिसळलं. मुळाशी ओल हवी पण पाणी साचायला नको, ऊन हवं पण दुपारचं नको. एवढं करून बाईसाहेब वाढणार किती, तर वर्षाला चार बोटं. तेवढ्या वेळात मी अंगण पार करून गोठ्यात जाऊन येते. एकदा दीपमाला सासऱ्यांना सांगत होती, "आबा, हे खरं तर गवत नाहीच. लिलीच्या जातकुळीतलं आहे." ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे गवत म्हणून घरात शिरायचं, गवत म्हणून कौतुक करून घ्यायचं, आणि गवताशी नातं काही नाही. खरी गवताची लेक मी, आणि माझ्यावर चपला ठेवतात.

रोज सकाळी हंबीरराव झारी घेऊन यायचे आणि वाकून एकेका रोपाला पाणी घालायचे. बनुबाई दारातनं बघायची. एकदा ती पुटपुटली, "माझ्या उसाकडं कवा असं वाकून बगिटलं न्हाई." ऐकणारी मी एकटीच होते. त्या सकाळी आम्हा दोघींचं दुखणं एकच होतं, आणि मला वाटलं, आता ही माझ्याकडे वळेल. पण तिनं मला नेहमीसारखं उपटलं आणि ती आत गेली.

वैशाखात दीपमाला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी साताऱ्याला निघाली. जाताना म्हणाली, "आई, तेवढं माझं गवत बघाल ना?"

"बगती की," बनुबाई म्हणाली. "जीव न्हाई लावायची, पर पानी घालीन."

सुरुवातीला झारी हंबीररावांकडेच होती, ती नुसती लांबून बघायची. दीपमालाचा फोन आला की हंबीरराव फोटो पाठवायचे. पुढं त्यांच्या गुडघ्यानं दगा दिला आणि झारी बनुबाईच्या हातात आली. आषाढात एका सकाळी तिला काळ्या पानांतून बारीक दांडे वर आलेले दिसले, त्यावर फिक्या जांभळ्या रंगाची फुलं, तांदळाच्या दाण्याएवढी. बनुबाई झारी खाली ठेवून तिथंच बसली.

"आगं, तुला फुलं बी येत्यात व्हय? बोलायचं न्हाईस का मग."

त्या दिवसापासून तिची रीत बदलली. काळीजवळ ती खुरपं नेईनाशी झाली, मुळाला लागेल म्हणून. बोटांनी माती मोकळी करायची, गळालेलं चिकूचं पान उचलायची, कारखान्याची ऊसतोड कधी येणार, नातवंड कधी होणार, असलं काहीबाही तिच्याशी बोलत बसायची. चाळीस वर्षांत माझ्याशी एक शब्द नाही. खोटं कशाला सांगू, मी काळीला पाण्यात पाहत होते. ती मरावी असं मला वाटत होतं.

आणि मग बनुबाईनं जे केलं ते फक्त उसाच्या मालकिणीनंच करावं. ऊस जोमात आला की त्याला भर लावतात. दोन्ही बाजूंची माती ओढून बुडाशी चढवायची, म्हणजे ऊस लोळत नाही आणि फुटवे जोर धरतात. जे पीक उभं राहावं असं वाटतं, त्याच्यासाठी बनुबाईच्या हाताला याहून मोठं काही ठाऊक नव्हतं. तिनं रानातली काळी माती दोन पाट्या भरून आणली आणि बाराही रोपांना चार चार बोटं भर लावली. माती हातानं दाबली, पानं वर काढून नीट केली.

"हां. आता पडायचं न्हाई," ती म्हणाली.

मला कळलं होतं. माझा सगळा जन्म जमिनीखाली गेलाय, कुणाची मान कुठं गुदमरते ते मला कळतं. काळीची पानं जिथनं फुटतात ती मान उघडी लागते, आणि तीच आता चिकट मातीत पुरली गेली होती. वरून पावसाची झड. मला आनंद झाला. नुसता आनंद करून थांबले असते तरी चाललं असतं, पण ती भर मऊ होती, ताजी होती, आणि काळीजवळ खुरपं यायचं बंद झालं होतं. मी पेरामागून पेर टाकत आत शिरले. पंधरा दिवसांत तिच्या मुळांभोवती माझे पांढरे धागे गुंडाळले गेले होते.

पानं खालून मऊ पडून तपकिरी व्हायला लागली. हंबीररावांनी एक पान धरून बघितलं तर अख्खा झुबका हातात आला. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"तुझी मेथीची जागा गेली म्हणून केलंस व्हय हे?"

बनुबाई आत गेली आणि धुतलेले तांदूळ तिनं पुन्हा धुतले.

दीपमालाला आठच दिवसांपूर्वी मुलगी झाली होती. बाळंतिणीला काही कळवू नका, असं हंबीररावांनी बजावलं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी बनुबाई त्यांचा फोन घेऊन चिकूखाली येऊन बसली.

"दीपमाला, तुजं गवत मी मारलं बग. उसावानी भर लावली त्येला. मुद्दाम न्हाई केलं गं."

पलीकडे बाळ रडत होतं. मग दीपमालाचा आवाज आला. "भर कधी लावलीत?"

"पंधरा दिस झालं."

"मग सगळं गेलं नसेल. आधी माती काढा, आई. मान उघडी पडली पाहिजे. रोपं उचलून मुळं धुवा. जी मऊ लागतील ती तोडून टाका, आणि कोरड्या मातीत परत लावा."

मुद्दाम केलं की नाही, त्यावर ती काहीच बोलली नाही. फोन बंद झाला तरी बनुबाई तो कानाला लावून बसली होती.

मग तिनं पाटी उलटी घातली, तिच्यावर बसली, समोर पाण्याची बादली ठेवली आणि पहिलं रोप उचललं. रोप एकटं आलंच नाही, मी सोबत आले. खुरप्यानं काम होण्यातलं नव्हतं. झटका दिला असता तर माझ्याबरोबर काळीही तुटली असती. म्हणून ती बोटांनी एकेक धागा ओढून बघायला लागली, हा हिचा की तिचा. डोळ्यांजवळ धरायची, पाण्यात बुडवायची, हलकेच सोडवायची. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिनं मला बघितलं. माझी गाठ कुठं आहे, कोंब कुठं आहे, सगळं तिला दिसलं. दोन दिवस मी तिच्या हातात होते आणि दोन्ही दिवस ती जपत होती ते काळीला. माझ्या वाट्याला आलेला तो मऊपणा दुसरीच्या नावाचा होता, तरी मी तो घेतला. मला लाज वाटली नाही.

बारातली सात वाचली.

सव्वा महिन्यानं दीपमाला लेकीला घेऊन आली. दारात बनुबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पण तिचं लक्ष सुनेच्या तोंडाकडे होतं. दीपमाला उंबऱ्यातूनच मागं वळली आणि बाळाला घेऊन चिकूखाली आली. सासूसासरे मागोमाग.

"पाच गेली," बनुबाई म्हणाली. पदराचं टोक तिच्या मुठीत होतं.

दीपमाला खाली बसली. तिनं एका रोपाची मान बोटानं चाचपली, दुसऱ्याची चाचपली. पाच रिकाम्या जागा बघितल्या.

"हरळीतनं मुळं सोडवलीत तुम्ही?" तिनं विचारलं. "हातानं?"

"मग काय करू. खुरपं चालंना."

"मला जमलं नसतं, आई." ती उठली आणि बाळ तिनं सासूच्या हातात दिलं. "पुढच्या साली यांचे फुटवे वेगळे करून त्या पाच जागा भरायच्या आहेत. ते तुम्हीच करायचं. माझा हात एवढा हलका नाही."

बनुबाईनं मान वळवली आणि बाळाच्या अंगावरचं दुपटं उगाचच नीट केलं. चूक झालेल्या पुरुषाला काहीतरी काम दाखवावं लागतं, तसं सुभेदार म्हणाले, "ह्या हरळीवर मी तणनाशक मारतो. एकदाची कटकट मिटंल."

"नगं," बनुबाई म्हणाली. "त्या काळ्या गवताला लागंल ते."

मनात म्हटलं, झालं, इथंही काळीच. पण ती पुढं बोलली, नवऱ्याकडे न बघता.

"आन हरळीचं मी बगती. तुमी बॉर्डरवर हुता तवा रानात माझ्यासंगट तीच हुती. दुसरं कोन हुतं?"

हंबीरराव घरात गेले.

सध्या मी चिकूच्या बुंध्याशी आहे, एका पेराएवढी. बाकीची मी दगडावर वाळून गेले. काळी समोर थाटात उभी आहे, तिला नवं पान फुटलंय, तिच्यावरचा माझा राग तसूभर कमी झालेला नाही आणि संधी मिळाली तर मी पुन्हा तिच्या मुळांत शिरेन. तुमच्याही अंगणात मी असेनच. माझी दया करू नका, मला ठेवूही नका. एवढंच मागते की पंप पाठीला अडकवून लांबून फवारू नका. खाली बसा आणि हातानं उपटा.

पाऊस उघडला की बनुबाई इथं येऊन बसेल. तोवर तिच्या चिमटीत धरता येईल इतकी तरी मी वाढलेली असेन.