कपाळावरचे ठिपके

मिथुनने बोईसरहून स्कॅनर आणला आणि वारलेल्या आजीच्या एकुलत्या एक फोटोची निगेटिव्ह काचेवर ठेवली. फिल्म जागोजागी झडलेली, त्यामुळे पडद्यावर आजीचा चेहरा काळ्या ठिपक्यांनी भरला. त्याने ‘डाग काढा’ दाबलं. आजी एकदम गोरीगोमटी झाली.

“ही कोन रं?” त्याची आई, मंगळी, म्हणाली. “माज्या आयच्या कपाळावर गोंदण व्हतं. हिला नाय.”

कॉम्प्युटरला गोंदणही डागच वाटलं होतं. मिथुनने सगळे डाग परत आणले. आता आजीचे ठिपके कुठले, फिल्मचे कुठले, कळेना. मंगळी उठली, बसली, पुन्हा उठली.

“आयनं माजं गोंदण आपल्यासारकंच करून घेतलं,” ती एकदम म्हणाली आणि काचेवर कपाळ टेकवलं. “घे!”

“हलू नको, आये,” मिथुन म्हणाला. झाकण अर्थातच उघडंच राहिलं.