साडेतीन विटांचा चिरा

मी जांभ्या दगडाचा चिरा बोलतोय. वीट नव्हे, चिरा! हे आधीच बजावून ठेवतो, कारण काही महिने मला वीट म्हणून मिरवावं लागलं आणि ती लाज अजून थोडी अंगावर शिल्लक आहे.

माझा जन्म रत्नागिरीच्या कातळी सड्यावरच्या खाणीत झाला. खाणीतून काढला तेव्हा मी मऊ होतो, ऊन-वारा लागला तसा टणक झालो. माणसांचं उलट. घरी असतात तोवर टणक, बाहेरचं वारं लागलं की बिघडलीच म्हणून समजा.

एकोणीसशे बावीस साली भाट्याच्या खाडीजवळ आत्माराम सारंगाचं घर उभं राहिलं. पश्चिमेच्या भिंतीत, कमरेच्या उंचीवर, मला मातीत घट्ट बसवलं. ती भिंत रंगवली सोनूबाईनं. ती गवंड्याची विधवा, आणि गावातल्या बाळंतिणींची सुईणही. चुना विरवायचा, त्यात काव, म्हणजे तांबडी माती, घोटायची, गुळाचं पाणी घालायचं, भिंत आधी ओली करायची आणि मग काथ्याच्या कुंच्यानं पातळ हात द्यायचा. चुना आणि काव दगडाच्या पोटात शिरतात आणि तिथंच दगड होऊन बसतात. त्या रंगाखाली मला श्वास घेता यायचा. पावसात भिजलो तरी उन्हात सुकायचो. अकरा वर्षं माझी काहीएक तक्रार नव्हती.

मग तेहतीस साली आत्माराम बोटीवरची नोकरी संपवून कायमचा घरी आला. येताना तेलरंगाचे चार डबे आणि एक मुंबईचा रंगारी घेऊन आला. बंदराबंदरांतले विटांचे बंगले बघून त्याचे डोळे फिरले होते. म्हणे, घर विटांचं दिसलं पाहिजे! अरे, तुझ्या उशाशी अख्खा जांभ्याचा सडा पडलाय, आणि तुला डोहाळे भाजलेल्या मातीचे?

सोनूबाई कुंपणाशी उभी राहून बघत होती. म्हणाली, "आत्मारामा, ह्या रंगानं भिताडाचं तोंड शिवशील बाबा. आतलं पाणी कुठनं जायचं?"

"सोनूकाकी, तुझी काव आता म्हातारी झाली," आत्माराम हसून म्हणाला.

रंगाऱ्यानं माझ्या अंगावरची भोकं बुजवली, वर चकचकीत तांबडा थापला आणि पट्टी धरून पांढऱ्या रेघा ओढल्या. माझ्या एकट्याच्या तोंडावर साडेतीन विटा आल्या. शेजारचा चिरा माझ्यावर हसला. त्याला चार आल्या होत्या, मूर्खाला!

इथवरचं सगळं मी हसून सोडलं असतं. पण मिरगाच्या तोंडावर, माडाच्या झावळ्या विणून पश्चिमेच्या भिंतीला पावसाचा मारा अडवणारी झड बांधायची वेळ आली. आमच्याकडे पोरगंसुद्धा जाणतं की समुद्राकडच्या भिंतीला झड लागतेच. गडी झावळ्या घेऊन आले, तर आत्माराम ओरडला, "खबरदार! एवढा रंग काय झाकून ठेवायला दिलाय? पाखाडीवरनं जाणाऱ्यांना दिसायला नको?"

आता ह्या अकलेला काय म्हणावं! वरून कीर्तन, आतून तमाशा.

पाऊस आडवा मारायला लागला. वळचणीतून पाणी भिंतीच्या पोटात उतरलं, आणि बाहेर यायची वाट तेलरंगानं बंद केलेली. चिऱ्यांमधली माती चिखल होऊन सरकू लागली. बाहेरून मात्र आम्ही चकाचक! येणारेजाणारे म्हणायचे, "काय घर हाय सारंगांचं!" आणि आत्माराम मिशीवरून हात फिरवायचा.

त्याच आषाढात त्याची लेक मालन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिची बाज टाकली कुठे? माझ्याच मागे, आतून भिंतीला लागून. ती पाठ टेकायची तेव्हा तिची ऊब मला कळायची. एकदा म्हणाली, "बाबा, भिंत घामेजल्येय."

"पावसात सगळंच ओलं असतं गो," बापानं उडवून लावलं.

सोनूबाई तिला बघायला आली. तिनं भिंतीवर तळवा दाबला आणि तिचा चेहराच उतरला. "बाज काढ हितनं. आजच काढ. भिताड फुगलंय."

"तुला रंगाचं काम दिलं नाय, म्हणून पोरीला भिववतेस होय?"

सोनूबाई मालनसाठी रात्रभर तिथंच ओट्यावर बसून राहिली. मला असा संताप आला म्हणता!

चिऱ्यानं जागा सोडणं म्हणजे नाक कापून घेणं. वरचं ओझं धरून बसायचं, हाच आमचा धर्म. पण मालन दिवसभर माझ्यामागे पडलेली असायची. म्हटलं, आज नाक जाऊ दे. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्माराम एका पाहुण्याला घराचा रंग दाखवत समोर उभा असताना मी अंग सैल सोडलं आणि साडेतीन विटांसकट धपकन त्याच्या पायाशी येऊन पडलो.

तो वाकला. माझ्या रिकाम्या जागेतून त्याला समोर दिसली मालनची पाठ, हातभर अंतरावर.

"सोनूकाकी!" तो असा ओरडला की माडावरचे कावळे उडाले. दोघांनी मिळून मालनसकट बाज उचलली आणि मागच्या पडवीत नेली. दुपारी भिंत बसली. बाज होती तिथं चिऱ्यांचा ढीग झाला. तिसऱ्या दिवशी सोनूबाईच्या हातात मालनची मुलगी रडली.

पुढे भिंत पुन्हा उभी राहिली. आत्मारामनं मान खाली घालून सोनूबाईला काव लावायला बोलावलं. झडही आता वेळेवर बांधतो. मला मात्र परत लावलं नाही. जागा सोडलेला चिरा म्हणे भरवशाचा नसतो! पायरीशी टाकलंय. आत्माराम आल्यागेल्याला सांगतो, "देवानं वाचवलं हो." देवाला नारळ फोडतो आणि चिखलाचे पाय माझ्यावर पुसतो.

पुसू दे. मालनची पोर आजोळी आली की माझ्यावरच येऊन बसते आणि नखानं तेलरंगाचे पोपडे काढते. खाली सोनूबाईची काव अजून तशीच आहे, लालभडक. खरवड बाये, खरवड. साडेतीनातली आता एकच वीट उरली आहे.