नाकवाल्यांचा चमचा

मी चमचा बोलतोय. सध्या मी साखरेच्या बरणीत गळ्यापर्यंत रुतलोय. समुद्राकाठचा रस्ता जिथे संपतो, तिथल्या शेवटच्या कॉफीच्या दुकानात. येणारा-जाणारा मला उपसतो, ढवळतो, कपाच्या काठावर ठणठण आपटतो आणि परत खुपसतो. साखर! तीस वर्षं मी साखरेचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं!

माझा जन्म एका तरुणाच्या पहिल्या पगारातून झाला. कॉफीच्या कारखान्यात तो चव पारखायच्या कामाला लागला होता. माझी चांदी ठोकता ठोकता कारागीर वैतागला. "अहो, चमचा करायचाय की डाव? एवढं पोट कुणाचं असतं?"

"घोटभर मावायला हवं," तो म्हणाला. "आणि वास निसटता कामा नये."

तेव्हापासून आमचं काम ठरलेलं. टेबलावर कपांची रांग. त्याने मला बुडवायचं, ओठांशी न्यायचं आणि असा सुर्रकन घोट ओढायचा की शेजारच्या खोलीतला कारकून दचकावा. मग दोन कपांच्या मध्ये मला गरम पाण्याच्या ग्लासात विसळायचं. चवीत चव मिसळू नये म्हणून. घोट ओढताना तो डोळे मिटायचा. उघडले की निकाल. कारखान्यात सगळे त्याला 'नाकवाले' म्हणत. त्याच्या मुलीच्या शाळेतही तीच ओळख. "तुझे बाबा नाकवाले ना?" ती चिडायची, आणि घरी येऊन ऐटीत सांगायची.

दोन वर्षांपूर्वी त्याला ताप आला. आठ दिवसांनी उतरला, पण जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. कामावर परतल्यावर त्याने पहिला घोट ओढला आणि थांबला. दुसरा ओढला. मग कप नाकाशी नेऊन हुंगत बसला. त्या दिवसापासून त्याने डोळे मिटणं सोडलं. रंग बघायचा, दुसऱ्यांचे चेहरे बघायचा, मग बोलायचा. महिन्याभरात त्याने नोकरी सोडली. घरी सांगितलं, "कंटाळा आला."

मोठ्या माणसांचं हे मला कधीच कळलं नाही. आपल्या लेकरांनी सगळं सांगावं, असा यांचा हट्ट. स्वतःवर वेळ आली, की झाकली मूठ सव्वा लाखाची!

मुलीने एके दिवशी ऑफिसची नोकरी सोडली. तिला स्वतःचं कॉफीचं दुकान काढायचं होतं. "समुद्राकाठच्या रस्त्याला छोटी छोटी दुकानं आहेत, बाबा. स्वतःच बिया भाजतात. एकेक बघत जाऊ. तुम्ही चव सांगा. तुम्ही 'हो' म्हणाल, त्यांच्याकडूनच मी बिया घेणार."

तो लगेच कपडे भरायला लागला. इतका खूश मी त्याला दोन वर्षांत पाहिला नव्हता. मी त्याच्या खिशात होतो, आणि खरं काय ते ठाऊक असलेला मी एकटाच.

पहिलं दुकान जाळी विकणाऱ्याच्या माडीवर. "धुरकट," तो म्हणाला. दुसरं पेट्रोल पंपामागे. "शिळी." तिसऱ्यात त्याने मला नीट बुडवलंसुद्धा नाही.

चौथ्या दुकानात एक पोरगी एकटीच होती. बाहीला भाजलेल्या बियांचा कोंडा चिकटलेला, बोटाला भाजल्याचा डाग. तिने कप ठेवला आणि श्वास रोखून उभी राहिली. जिभेआधी घोट माझ्या पोटात येतो, म्हणून छातीवर हात ठेवून सांगतो: तीस वर्षांत अशी कॉफी चार-पाच वेळाच आली असेल. त्याने कपाकडे बघितलं. रंग गडद होता.

"करपलीय."

पोरीचा चेहरा विझला. मुलीने वहीत काट मारली. ओरडावंसं वाटलं, पण चमच्याला कुठला कंठ!

आठव्या दुकानानंतर गाडीत भडका उडाला. "तुम्हाला काहीच कसं आवडत नाही हो? की माझं दुकान निघूच नये असं वाटतंय? तसं सांगा सरळ!"

"असं नाही गं, चिमणे."

"चिमणी म्हणू नका. एकोणतीस वर्षांची आहे मी."

नववं दुकान हे. इथल्या बाईंनी तीन सारख्या काचेच्या ग्लासांत तीन कॉफ्या आणि चौथ्यात विसळायचं गरम पाणी ठेवलं. त्याने एक घोट घेतला, विसळलं. दुसरा घेतला, विसळलं. पाणी फिकट तपकिरी झालं होतं. मग त्याने लेकीकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती, ओठ आवळून. तिच्यासाठी आज 'हो' म्हणायचं, हे त्याने तेव्हाच ठरवलं असणार, कारण दोन वर्षांत पहिल्यांदा त्याने डोळे मिटले. पूर्वीसारखे. मिटल्या डोळ्यांनी मला बुडवलं, सुर्रकन घोट ओढला.

"वा! हिला म्हणतात कॉफी."

घोटाचा तो आवाज ऐकून ती वळली होती. त्याचा हात तिला दिसला. मी विसळायच्या ग्लासात होतो.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "ते पाणी आहे."

त्याने डोळे उघडले.

"कधीपासून कळत नाही?" तिने विचारलं.

"त्या तापापासून."

"दोन वर्षं? मी नोकरी सोडलीय, बाबा! तुमच्या जिभेवर सगळं सोपवलं. त्या पोरीचं तोंड आठवतंय? इतके दिवस गाडीत माझ्या शेजारी बसला होतात. सांगायला काय झालं होतं?"

त्याने मला बशीत ठेवलं. "सांगितलं असतं, तर बरोबर आणलं असतंस मला?"

तिने तोंड उघडलं. एक 'हो' पुरला असता. मशीनची वाफ फुसफुसत राहिली. तिचं तोंड तसंच मिटलं.

"गाडीत बसतो," म्हणून तो गेला.

तिने मला उचललं, ओढणीने पुसलं, पुन्हा बशीत ठेवलं.

"अहो, चमचा राहिला!" बाई मागून ओरडल्या.

"राहू दे. आता कशाला लागतोय?"

गाडी बराच वेळ तशीच उभी होती. मग गेली. दुकान निघालं की नाही, ठाऊक नाही.

तुम्ही चांगली कॉफी शोधत या किनाऱ्याने फिरत असाल आणि कुठे त्याची लेक भेटली, तर सांगा तिला: चौथं दुकान. बोटाला भाजल्याचा डाग असलेली पोरगी. तिचीच होती ती कॉफी. आणि म्हणावं, बापाने विचारलेलं अजून तसंच पडलंय. तो आहे तोवर काहीतरी बोल. खोटं का होईना.

पण चमच्याचं ऐकतंय कोण? आलंच बघा गिऱ्हाईक. दोन चमचे साखर, म्हणे.